पेटी, यादी आणि ‘ललित’चा घोळ

नाशिकचं सर्वांत जुनं वाचनालय १८४० सालचं. पुढची सव्वाशे वर्षं एका वाक्यात उरकतो: पुस्तकं कपाटात, वाचक खिडकीबाहेर आणि मधे यादी. चिठ्ठीवर पाच-सहा क्रमांक लिहून द्यायचे, शिपाई आतून जे आणेल ते घरी न्यायचं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अ, ब, क, ड श्रेणी आणि अनुदान आलं. वाचकापुढची यादी बहुतेक ठिकाणी तशीच राहिली.

खरा घोळ घातला तो यादीतल्या ‘ललित’ या शब्दाने. यादीच्या लेखी ललित म्हणजे कथा, कादंबरी, नाटक, कविता. उरलेलं सगळं ललितेतर. समीक्षेत मात्र ललित म्हणजे लघुनिबंधाच्या वळणाचं गद्य. त्यामुळे ‘काही ललित द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती रहस्यकथाही पडू शकते, आणि चूक कुणाचीच नसते. दशांश वर्गीकरणाने, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीने, तिढा वाढवला. त्यात मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४, पण प्रवासवर्णन ९१०च्या घरात आणि चरित्र-आत्मचरित्र ९२०मध्ये. म्हणजे एकाच लेखिकेची कादंबरी एका दालनात आणि प्रवासवर्णन दुसऱ्या टोकाला. सर्वांत मोठा फटका दलित आत्मकथनांना बसला असं मला वाटतं. १९७०नंतरच्या मराठी गद्याचा कणा म्हणावा असं हे लेखन ‘चरित्रे’ या पाटीखाली गेलं आणि कादंबरीच्या कपाटापाशी घुटमळणाऱ्याला ते दिसलंच नाही. वर्गीकरण शोधण्यासाठी असतं हे मान्य. पण काय शोधायचं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचं काय?

२००९मध्ये नाशिकातून ग्रंथपेट्या, म्हणजे वाचकांच्या गटागटांत फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, निघाल्या त्या या पार्श्वभूमीवर. एका पेटीत सगळ्या प्रकारांच्या पुस्तकांची सरमिसळ, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल. ‘आम्हाला हवी ती पुस्तकं का नाहीत?’ हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. पुस्तकं दुसऱ्याने निवडायची, हे अनेकांना पटत नाही. मी पेटीच्या बाजूचा. आमच्या जिन्याखाली पेटी उघडली की कादंबऱ्या पहिल्या दिवशीच उडायच्या. उशिरा येणाऱ्या, फक्त रहस्यकथा वाचणाऱ्या काकांना एकदा पक्ष्यांवरचं पुस्तक उरलं. कुरकुरत नेलं, आणि पुढच्या वेळी ‘पाखरांचं आणखी आहे का?’ म्हणून सगळ्यांच्या आधी खाली हजर.

डिसेंबर २०२१मध्ये नाशिकच्या आडगावला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा पुस्तकांचे गाळे होते ते प्रकाशकांप्रमाणे. विज्ञानकथा हवी तर एकेका गाळ्यात डोकावायचं.

त्यापेक्षा नाशिकहून महामार्गावर ओझरकडे जाताना एका आजींचं पुस्तकांचं हॉटेल लागतं, ते बरं. ऑर्डर येईपर्यंत समोर असेल ते उघडायचं. ताट आलं की पुस्तक अर्ध्यावर मिटायचं आणि मुखपृष्ठाचा फोटो तेवढा काढून घ्यायचा.