कोकणात बर्चचं जंगल? ईआयएची थोडी मागची गोष्ट

जनसुनावणीची नोटीस लागली की गावात पहिला प्रश्न येतो, रिपोर्ट बनवलाय कोणी? हा रिपोर्ट म्हणजे ईआयएचा, प्रकल्पामुळे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा आधीच केलेला अभ्यास. पूर्वी मुळात रिपोर्टच नसायचा. १९७६-७७ मध्ये नियोजन आयोगाने नदीखोऱ्यातले मोठे प्रकल्प पर्यावरणाच्या बाजूने तपासायला सांगितलं, तिथून आपल्याकडे सुरुवात झाली, पण कायद्याचा धाक काही नव्हता. (अमेरिकेत १९७० पासून कायदाच होता.) मग भोपाळ घडलं, १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्याखाली २७ जानेवारी १९९४ ला ईआयएची अधिसूचना निघाली. त्यातही जनसुनावणी सक्तीची व्हायला १९९७ उजाडलं.

२००६ च्या नव्या अधिसूचनेत प्रकल्पांचे अ आणि ब गट पडले, अ दिल्लीकडे, ब राज्याकडे. एक गोष्ट मात्र तशीच राहिली, ती म्हणजे रिपोर्ट करणारा कन्सल्टंट कंपनीच नेमणार आणि पैसेही कंपनीच देणार. आता यातून काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या रिपोर्टात पक्ष्यांचा अधिवास म्हणून चक्क थंड देशांतल्या स्प्रूस आणि बर्च झाडांची जंगलं निघाली, कारण मजकूर रशियातल्या खाणीच्या रिपोर्टातून जसाच्या तसा उचललेला! पुढे कन्सल्टंटना मान्यता घेणं सक्तीचं झालं, पण लपवाछपवी काही संपली नाही. गोव्यात मोपा विमानतळाच्या अर्जात आजूबाजूच्या जंगल-पाणवठ्यांची माहिती नीट दिली नव्हती म्हणून सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी थांबवली, अर्थात जानेवारी २०२० मध्ये ती परत चालू पण केली.

मला सगळ्यात खटकतो तो सीझनचा नियम. बऱ्याच प्रकल्पांना एकाच सीझनचा डेटा चालतो आणि तोसुद्धा पावसाळा सोडून. आता मे महिन्यात आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जाऊन बघा, काळा कातळ, वाळलेलं गवत, चटके बसतात नुसते, बघणारा 'पडीक' लिहून मोकळा होतो. जूनमध्ये दोन पाऊस पडले की त्याच कातळावर दिपकाडी फुलते, खळग्यांत पाणी साचून बेडूक ओरडायला लागतात, पण तोवर सर्व्हेवाली मंडळी सामान आवरून गेलेली असतात.