पाय पाण्यात, पण खरी गंमत बरणीत

दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या की कोमट पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटतं, आणि बसल्यावर बरंही वाटतं. त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते त्या पाण्यात काय टाकायचं यावरून. काचेची सुबक बरणी, आत पांढरे-गुलाबी खडे, वाळलेल्या पाकळ्या, गळ्याशी सुतळीची गाठ आणि ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर काढते’ अशी चिठ्ठी. भेट म्हणून झकास दिसते, आणि घरी करायलाही फार खटपट नाही. मात्र तिच्यातला कोणता पदार्थ नेमकं काय करतो हे ठाऊक असलं, तर चिठ्ठीवर भलतंसलतं लिहिलं जात नाही आणि बरणीचं झाकणही उडत नाही. उडू शकतं, खरंच. त्याकडे येऊच.

सगळ्यात मोठं काम करतं ते नुसतं गरम पाणी. तळहात आणि तळपायांच्या त्वचेखाली रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या आखूड वाहिन्या असतात. एरवी रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून फिरतं, इथे मात्र त्याला आडवाट मिळते. पाय गरम झाले की या वाहिन्या सताड उघडतात, पायांकडे भरपूर रक्त येतं आणि पाय पाण्याबाहेर काढल्यावर त्याच वाटेने शरीराच्या आतली उष्णता बाहेर टाकली जाते. झोप लागण्याआधी शरीराच्या गाभ्याचं तापमान थोडं उतरावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की हातपायांकडचा रक्तप्रवाह वाढलेला असला की झोप लवकर लागते. 2019 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. झोपण्याच्या तासदोन तास आधी 40 ते 42.5 अंश सेल्सिअसच्या पाण्याने दहा मिनिटं जरी अंघोळ केली तरी फरक पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे पाय शेकून लगेच अंथरुणात शिरण्यापेक्षा थोडा वेळ जाऊ देणं चांगलं.

पायांसाठी 38 ते 40 अंश पुरेत. साधारण 43 अंशांच्या पुढे त्वचेतल्या मज्जातंतूंवरचे टीआरपीव्ही-1 हे ग्राहक, म्हणजे उष्णता ओळखून मेंदूला निरोप धाडणारी प्रथिनं, जागे होतात आणि ‘गरम’चं ‘चटका’ होतं. मिरचीतलं कॅप्सेसिनही याच ग्राहकाला चेतवतं. डेव्हिड ज्युलियस यांनी तो त्याच्याच मदतीने शोधला. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना विभागून मिळालं, त्यात या कामाचा वाटा मोठा होता. गार वाटण्यासाठी वेगळा ग्राहक आहे, टीआरपीएम-8. पुदिन्यातला मेंथॉल थेट त्याच्यावर बसतो, म्हणून मेंथॉल टाकलेल्या गरम पाण्यातही पाय गारेगार वाटतात. थर्मामीटर काही बोलो, मेंदूला मिळालेला निरोप थंडीचाच असतो. माझ्या मते बरणीत टाकण्याजोग्या जिनसांपैकी हिचा परिणाम सगळ्यात चटकन जाणवतो. यातला धोकाही उघड आहे. पाणी जास्त गरम असेल तर मेंथॉल तो इशारा झाकून टाकतो. म्हणून आधी कोपर बुडवून पाहायचं, बरणीतलं मिश्रण मग टाकायचं. 60 अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत खोल भाजतं.

आता त्वचा. तळपायाची कातडी शरीरात सर्वांत जाड, आणि तिच्यात तेलग्रंथी एकही नाही. घामाच्या ग्रंथी मात्र ठासून भरलेल्या. तेल नसल्यामुळे टाचा कोरड्या पडतात, कडक होतात, भेगा जातात. पाण्यात बसलं की वरच्या मृत पेशींतलं केराटिन पाणी शोषून फुगतं आणि मऊ पडतं. घासायच्या दगडाचं काम त्यामुळेच सोपं होतं. बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या ही वेगळीच भानगड आहे. त्या फुगण्याने पडतात असं बहुतेकांना वाटतं, पण ज्या बोटाची नस तुटलेली आहे त्याला त्या पडतच नाहीत, हे 1930 च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. पाण्यात राहिल्यावर मज्जासंस्था बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसवते, आतलं आकारमान घटतं आणि कातडी आत ओढली जाते.

फार वेळ बसणं मात्र अंगाशी येतं. पेशींमध्ये ओलावा धरून ठेवणारी युरिया आणि अमिनो आम्लांसारखी द्रव्यं पाण्यात विरघळून निघून जातात, आणि तासाभराने टाचा आधीपेक्षा कोरड्या होतात. दहा-पंधरा मिनिटं बस्स. पाय टिपून, थोडे दमट असतानाच मलम लावायचं.

बरणीतला मुख्य ऐवज बहुधा एप्सम सॉल्ट असतो, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू झऱ्यांमुळे ते सतराव्या शतकात प्रसिद्धीला आलं, तेही पोट साफ करणारं औषध म्हणून. त्यातलं मॅग्नेशियम पायांतून शरीरात शिरतं आणि स्नायू सैल करतं, असं हमखास सांगितलं जातं. त्वचेचा बाहेरचा थर असतोच मुळी अशा विद्युतभारित कणांना अडवण्यासाठी, आणि तळपायाला तो सर्वांत जाड असतो. मॅग्नेशियम त्यातून उपयोग होण्याइतकं आत जातं, याला भक्कम पुरावा नाही. तरीही मी ते बरणीतून काढणार नाही. स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, सुगंध छान धरून ठेवतं आणि खडे दिसतात देखणे. फक्त चिठ्ठीवर ‘मॅग्नेशियमची कमतरता भरून काढते’ असं लिहू नये.

विषद्रव्यांच्या दाव्याला तर अजिबात थारा देऊ नये. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. विजेवर चालणारे ‘डिटॉक्स’ टब असतात, त्यांतलं पाणी बघता बघता तपकिरी होतं आणि माणूस थक्क होतो. मीठ टाकून तोच टब पाय न घालता चालवला तरी पाणी तपकिरीच होतं, कारण तो रंग गंजणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा असतो.

खरं रसायनशास्त्र सुरू होतं ते फसफसणाऱ्या मिश्रणात. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल कोरडे असताना शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने राहतात. पाणी लागलं की दोन्ही विरघळतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. या अभिक्रियेत उष्णता शोषली जाते, त्यामुळे पाणी किंचित गारच होतं. आता समजा बरणीत 100 ग्रॅम सोडा आणि 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल आहे. सगळं आम्ल वापरलं गेलं तर साधारण 65 ग्रॅम सोडा खर्ची पडतो आणि 18 लिटरच्या वर वायू तयार होतो. अर्ध्या लिटरच्या बरणीत 18 लिटर! पण त्याहून खोडसाळ गोष्ट पुढे आहे. वायूबरोबर पाणीही तयार होतं, या हिशेबात जवळपास 14 ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन चमचे. अभिक्रिया सुरू व्हायला हवं असतं पाणी, आणि ती स्वतःच पाणी निर्माण करते. म्हणजे एक थेंब शिरला की पुढचं सगळं आपोआप.

मग तो पहिला थेंब येतो कुठून? दमट हवेतून, ओल्या चमच्यातून, रंगासाठी टाकलेल्या खाण्याच्या रंगातून, नीट न वाळलेल्या पाकळ्यांतून. आणि एप्सम सॉल्टमधून. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू स्फटिकात बांधलेले असतात. हाताला ठणठणीत कोरडे लागणारे 100 ग्रॅम खडे घेतले तर त्यांत 51 ग्रॅम पाणीच असतं. ऊब लागली की यातलं थोडं पाणी सुटायला लागतं. उन्हात ठेवलेली किंवा गाडीच्या डिकीत तापलेली बरणी म्हणूनच गोत्यात येते. मिश्रण आधी ओलसर दिसतं, मग त्याचा एकसंध ढेकूळ होतो. झाकण घट्ट असेल तर वायू आतच कोंडतो. बरणीत सुंदर थर रचून दोन पदार्थांच्या मध्ये एप्सम सॉल्टची पट्टी घालायची पद्धत दिसायला सुरेख असली, तरी ती आगीजवळ तेलाचा डबा ठेवण्यातली आहे.

उपाय साधा आहे. मीठ आणि सोडा बरणीत, सायट्रिक आम्ल छोट्या बंद पुडीत वेगळं. ते ऐन वेळी पाण्यात टाकायचं. आम्ल निर्जल प्रकारचं घ्यावं, कारण त्याच्या दुसऱ्या प्रकारातही स्फटिकात पाणी असतं. फसफस नको असेल तर सोडा आणि आम्ल दोन्ही वगळले तरी काही बिघडत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचा सल्ला मात्र विनोदी आहे. दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं ते सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी. नुसतं व्हिनेगर घातलं तर नाजूक त्वचेची आग होते.

सुगंधी तेलांबद्दल दोन गोष्टी. एक, तेल मिठात मिसळलं म्हणजे पाण्यात मिसळलं असं होत नाही. मीठ विरघळतं, तेल सुटं होऊन वर तरंगतं आणि पाय बुडवताना थेट कातडीला चिकटतं, तेही पातळ न होता. दालचिनी किंवा लवंगेचं तेल असेल तर चांगलंच झोंबतं. पॉलिसॉर्बेट-20 सारखा पायसकारक, म्हणजे तेलपाण्याची मोट बांधणारा पदार्थ, आधी तेलात मिसळला तर हा प्रश्न बराच सुटतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल आणि लिंबूवर्गी तेलांतलं लिमोनीन हवेत राहून ऑक्सिडाइझ होतात, आणि त्यातून बनणारी द्रव्यं मूळ तेलापेक्षा कितीतरी जास्त अॅलर्जी आणतात. वर्षभर उघडझाप केलेली जुनी बाटली भेटवस्तूत रिकामी करू नये.

खरखरीत, खाजऱ्या पायांसाठी मला ओट्स जास्त भरवशाचे वाटतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 मध्ये ओट्सच्या अतिबारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. त्यातलं बीटा-ग्लुकन पातळ थर धरतं आणि अॅव्हेनॅन्थ्रामाइड्स खाज कमी करतात. मिक्सरवर दळायचे आणि चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळून पाहायचं. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर जमलं. कण तळाशी बसले तर अजून दळायला हवेत.

आता चिठ्ठी. तिच्यावर घटकांची पूर्ण यादी, तयार केल्याची तारीख, पाणी कोमटच असावं ही सूचना आणि ‘दहा-पंधरा मिनिटं’ एवढं हवंच. पायाला जखम किंवा चिरा असतील तर वापरू नये, हेही. आणि एक ओळ ठळक अक्षरांत, मधुमेह असलेल्यांसाठी. त्यांच्या पायांतली संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे पाणी भाजतंय हे कळत नाही. भिजून कोरड्या पडलेल्या त्वचेला गेलेली बारीकशी भेगही पुढे चिघळते. म्हणूनच डॉक्टर त्यांना पाय पाण्यात बुडवून बसू नका असं सांगतात. अशा माणसाला बरणी द्यायचीच नाही. त्याऐवजी युरिया असलेलं, बिनवासाचं पायांचं मलम द्यावं. ते तळव्याला आणि टाचेला लावायचं, बोटांच्या बेचक्यात नाही.