कामगार प्रतिनिधीची रिकामी जागा आणि मालकाच्या गळ्यातली पोटनिवडणूक

वर्क्स कमिटी, म्हणजे कारखान्यातल्या मालक आणि कामगार यांच्या संयुक्त समितीतला कामगारांचा प्रतिनिधी निवृत्त झाला, नोकरी सोडून गेला किंवा रजा न घेता सलग 3 बैठकांना आला नाही, की त्याची जागा रिकामी होते. ती भरायची कोणी? युनियन आपला दुसरा माणूस पाठवेल, असे बहुतेकांना वाटते. ‘औद्योगिक विवाद (केंद्रीय) नियम, 1957’ मात्र तसे म्हणत नव्हते. पोटनिवडणूक घ्यायची आणि निवडणुकीची सगळी व्यवस्था मालकाने करायची, असे त्यांत होते. ज्याच्याशी भांडायचे, त्यानेच भांडणाऱ्याची निवडणूक भरवायची! हे विचित्र का झाले, ते कळायला शंभरेक वर्षे मागे जावे लागते.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटनमध्ये जे. एच. व्हिटली यांच्या समितीने मालक आणि कामगार यांच्या संयुक्त समित्यांची शिफारस केली. तिचे वारे लवकरच इकडे पोहोचले. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात आणि मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांत 1920 च्या आगेमागे अशा समित्या निघाल्या. दोन्हीकडे त्या मालकांनी काढल्या होत्या. पुढे हेच व्हिटली शाही श्रम आयोगाचे अध्यक्ष म्हणून 1929 मध्ये हिंदुस्थानात आले आणि 1931 च्या अहवालात आयोगाने पुन्हा वर्क्स कमिट्यांची भलामण केली.

मधल्या काळात मुंबईत वेगळेच काही घडून गेले होते. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि गिरणीगिरणीत तिच्या ‘गिरणी कमिट्या’ निघाल्या. त्यांत कामगारांचीच माणसे असत, खात्यातली तक्रार घेऊन ती थेट मॅनेजरपुढे उभी राहत. मालकांना त्या नको होत्या. 1929 ची धरपकड आणि फसलेला संप यांनंतर या कमिट्यांचा जोर ओसरला. माझ्या मते पुढच्या कायद्यांचा कल इथेच ठरला. कामगारांचा आवाज हवा, पण तो कुठून आणि कोणत्या दारातून यावा, हे सरकार ठरवणार. मुंबई इलाख्यात 1934 च्या कायद्याने गिरणी कामगारांची बाजू मांडायला चक्क सरकारी लेबर ऑफिसर नेमला. 1938 च्या औद्योगिक विवाद कायद्याविरुद्ध त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला संप झाला. त्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते.

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ‘प्रातिनिधिक संघटना’, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर हक्क असलेली युनियन, हा मानाचा पाट मांडला. कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींची सोय त्यातही होती, पण ती अशी संघटना नसेल तिथली. केंद्राचा औद्योगिक विवाद कायदा 1 एप्रिल 1947 पासून लागू झाला. त्याच्या कलम 3 प्रमाणे 100 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत वर्क्स कमिटी स्थापन करण्याचा आदेश सरकार देऊ शकत होते. आदेश मालकाला, म्हणून समिती बनवण्याचे कामही मालकाचे. पुढचे सगळे याच एका धाग्याने बांधले गेले.

1957 चे नियम वाचताना कोणी तरी पुष्कळ भांडणे आधीच मनात घालून ते लिहिले आहेत असे वाटते. सभासद 20 पेक्षा जास्त नाहीत, आणि कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नाहीत. मालकाने आधी नोंदणीकृत युनियनला तिचे सभासद किती आणि कोणत्या खात्यात किती, हे विचारायचे. उमेदवार किमान 19 वर्षांचा आणि वर्षभर नोकरीत असलेला, मतदार 18 वर्षांचा आणि सहा महिने नोकरीतला. तारखा किमान 7 दिवस आधी कामगारांना आणि युनियनला कळवायच्या. रिकाम्या जागेचा नियम तर फारच नेमका आहे: नवा प्रतिनिधी ज्या गटातून, ज्या मतदारसंघातून जुना आला होता तिथूनच निवडायचा, आणि त्याची मुदत जुन्याच्या दोन वर्षांतली उरलेली तेवढीच. लूमवाल्यांची जागा ऑफिसातल्या कारकुनाला देऊन मोकळे होता येत नव्हते.

जर्मनीत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. तिथल्या कामगार परिषदेत जागा रिकामी झाली की पर्यायी सभासद आपोआप आत येतो, म्हणून प्रत्येक जागेसाठी पुन्हा निवडणूक लागत नाही. निवडणूक घेते ते कामगारांचे निवडणूक मंडळ. मालक खर्च देतो आणि ढवळाढवळ करू शकत नाही. आपल्याकडच्या 1957 च्या नियमांत खर्चही मालकाचा होता आणि कारभारही त्याचाच.

मग इतके नेमके नियम असूनही आपल्याकडे त्या जागा रिकाम्या का राहत? एक कारण असे, की त्या जागेसाठी झगडावे असे तिच्यात फारसे उरलेले नव्हते. 1959 मध्ये भारतीय श्रम परिषदेने समितीच्या कामांची यादी केली. तीत कँटीन, पिण्याचे पाणी, हवा-उजेड, अपघात टाळणे हे आले आणि पगार, बोनस बाहेर राहिले. 1960 मध्ये नॉर्थ ब्रूक ज्यूट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वर्क्स कमिटी ही युनियनची जागा घेऊ शकत नाही. त्या गिरणीत कामाच्या फेररचनेला समितीने होकार दिला होता, पण कामगारांनी दिला नव्हता. दुसरे कारण दंडाचे. 1947 च्या कायद्याचा नियम मोडला आणि त्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल, तर दंड 100 रुपयांपर्यंत. कायदा संपेपर्यंत हा आकडा तसाच होता.

खरी लढाई दुसऱ्या खुर्चीसाठी होती. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि कायद्याने प्रातिनिधिक संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. प्रतिनिधी बदलायचा तर सभासदांची मोजणी, गुप्त मतदान नाही. वर्क्स कमिटीत कँटीनच्या चहावर बोलणाऱ्या माणसासाठी मतपत्रिका होती, लाखोंच्या पगारावर बोलणाऱ्या संघटनेसाठी नव्हती!

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात वर्क्स कमिटी 100 कामगारांच्या त्याच उंबरठ्यावर आहे, शिवाय 20 कामगारांपासून तक्रार निवारण समिती आहे. या समितीत जास्तीत जास्त 10 सभासद असतात आणि स्त्रियांचे प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी चालत नाही. या समितीतून निवृत्त झालेल्या एखाद्या बाईंच्या जागी कोणाला घ्यायचे, हे ठरवताना एचआरवाल्यांना आता हा हिशेबही मांडावा लागेल.