ईईजी हेडबँडचे फर्मवेअर

डोक्याला बांधून मेंदूतील विद्युत लहरी टिपणाऱ्या हेडबँडच्या किंवा टोपीच्या मायक्रोकंट्रोलरवर चालणारे सॉफ्टवेअर. हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीतील येना येथे माणसाचा पहिला ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) घेतला. तेव्हापासून आजवर मूळ अडचण एकच आहे : डोक्याच्या त्वचेवर मिळणारा संकेत जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. हेडबँडमध्ये तर त्याच्याशेजारीच रेडिओ आणि बॅटरीचे सर्किट बसवावे लागते. त्यामुळे फर्मवेअरवर जबाबदारी येते ती नमुना (ठराविक अंतराने घेतलेले संकेताचे एकेक मोजमाप) हुकू न देण्याची, हुकलाच तर तो न लपवण्याची आणि प्रत्येक नमुन्याची वेळ खरी ठेवण्याची.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस१२९९ ही ८ चॅनेलांची, २४ बिटांची चिप या कामासाठी फार वापरली जाते. ओपनबीसीआय या कंपनीच्या सायटन या ईईजी बोर्डावरही तीच आहे. वीज दिल्यावर चिपच्या २.०४८ मेगाहर्ट्झ घड्याळाचे २,६२,१४४ ठोके, म्हणजे १२८ मिलिसेकंद थांबून मगच रिसेट द्यायचा. चिप जागी होते ती सतत-वाचन अवस्थेत, आणि त्या अवस्थेत रजिस्टरवर (चिपच्या सेटिंगच्या कप्प्यांवर) काहीही लिहिले तरी ती दाद देत नाही. म्हणून आधी ही अवस्था बंद करणारी आज्ञा (हेक्साडेसिमल ११) पाठवावी आणि ओळख-रजिस्टर वाचावे. तिथे हेक्साडेसिमल ३ई आले नाही तर पुढे जाऊ नये. बहुधा एसपीआयचा (मायक्रोकंट्रोलर व चिप यांना जोडणाऱ्या संवादमार्गाचा) मोड चुकलेला असतो. या चिपला मोड १ लागतो, आणि बहुतेक लायब्ररी मोड ० गृहीत धरतात.

गेन (संकेत किती पट मोठा करायचा ते) ठरवताना नवखा हमखास २४ निवडतो. संदर्भ व्होल्टेज ४.५ असताना या गेनला चिपची मर्यादा उणे-अधिक १८७.५ मिलिव्होल्ट इतकीच उरते. कोरड्या इलेक्ट्रोडचा स्थिर व्होल्टेज फरक शेकडो मिलिव्होल्टपर्यंत चढू शकतो. मग चॅनेल टोकाला जाऊन सपाट रेघ दिसते आणि इलेक्ट्रोड सुटला असे समजून लोक पट्टा आवळत बसतात. गेन १२ ठेवला तर मर्यादा ३७५ मिलिव्होल्ट होते. गोंगाट किंचित वाढतो, पण हा सौदा परवडतो.

२५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २५० नमुने घेताना, दर ४ मिलिसेकंदांनी २७ बाइट येतात : ३ स्थितीचे, २४ आठ चॅनेलांचे. स्थितीचे पहिले चार बिट ११०० असतात. ते प्रत्येक फ्रेमला, म्हणजे २७ बाइटांच्या प्रत्येक संचाला, तपासावेत, कारण एक बिट सरकला की पुढची सगळी रेकॉर्डिंग कचरा होते. २४ बिटांचा आकडा ३२ बिटांत घेताना ऋण चिन्ह वर पसरवायला विसरले, तर शून्याखालचे मूल्य एकदम आभाळाला भिडते.

एसपीआयचे घड्याळ ४ मेगाहर्ट्झचे असेल तर ही फ्रेम ५४ मायक्रोसेकंदांत वाचून होते. वेळ भरपूर वाटतो, पण ब्लूटूथचे काम प्राधान्याने मध्ये घुसते. त्यामुळे एनआरएफ५२८४० सारख्या ब्लूटूथ असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिपवर ‘नमुना तयार’ हा पिनचा इशारा प्रोसेसरला न उठवता हार्डवेअरमधूनच डीएमए वाचन (प्रोसेसरविना थेट स्मृतीत होणारे वाचन) सुरू करील, अशी जोडणी करणे उत्तम. फ्लॅशचे (कायमस्वरूपी स्मृतीचे) पान पुसणे हा त्याहून मोठा शत्रू. त्याला सुमारे ८५ मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून चालणारा प्रोग्रॅम थांबतो. वीसेक नमुने गेलेच म्हणायचे. रेकॉर्डिंग चालू असताना सेटिंग जतन करू नये.

ब्लूटूथवर सेकंदाला ६,००० बाइट पाठवायचे असतात. एमटीयू (एका पाकिटाच्या आकाराची मर्यादा) २४७ मिळाला तर एका पाकिटात २४४ बाइट मावतात : दहा नमुन्यांचे २४० आणि नमुना-क्रमांकाचे ४. हा क्रमांक नमुना घेतानाच द्यावा. पाकीट बांधताना दिला तर बफर (नमुन्यांचा तात्पुरता साठा) भरून वाहिल्यावर गळालेले नमुने कोणाच्या लक्षातच येत नाहीत. दोन सेकंद संपर्क तुटला तरी तग धरायला १२ किलोबाइटचा वर्तुळाकार बफर पुरतो.

संपर्काचा कालांतर (ब्लूटूथच्या दोन देवाणघेवाणींमधला वेळ) मात्र शेवटी फोन ठरवतो, आणि इथे एक फसवा दोष लपलेला असतो. कालांतर १०० मिलिसेकंद असेल तर रेडिओ सेकंदाला दहा वेळा करंट ओढतो. वीजपुरवठ्याचे फिल्टरिंग कच्चे असेल तर तो हिसका १० हर्ट्झचे शिखर होऊन ईईजीत उतरतो, म्हणजे नेमका ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा पट्ट्यात. खरी अल्फा डोळे मिटल्यावर वाढते व उघडल्यावर ओसरते. हे शिखर ढिम्म राहते. इनपुट शॉर्ट करूनही (एकमेकांना जोडूनही) ते दिसत असेल आणि कालांतर बदलताच जागा बदलत असेल, तर दोष मेंदूत शोधू नये.

हेडबँड व फोन यांच्या घड्याळांत ४० पीपीएमचा (दहा लाखांत ४० भागांचा) फरक असेल तर तासाभरात १४४ मिलिसेकंदांची तफावत पडते. उद्दीपनानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी येणारा मेंदूचा प्रतिसाद, पी३००, मोजताना एवढ्याने प्रयोग वाया जातो. यासाठी अधूनमधून दोन्हीकडच्या वेळांच्या जोड्या नोंदवून नंतर रेषा बसवतात.

विजेच्या तारांची घुरघुर भारतात ५० हर्ट्झला, अमेरिकेत ६० हर्ट्झला येते. ती गाळणारा नॉच फिल्टर फर्मवेअरमध्ये पक्का करू नये. कच्चा डेटा पाठवून गाळणी फोनवर लावावी. एकदा गाळलेले परत मिळत नाही.

बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर झोपवण्याची धडपड होते, पण एडीएस१२९९ एकटीच चॅनेलमागे ५, म्हणजे एकूण ४० मिलिवॉटच्या आसपास घेते. न वापरलेले चॅनेल बंद करणे जास्त फळते. चार्जिंगची केबल लागली की मात्र फर्मवेअरने रेकॉर्डिंग थांबवलेच पाहिजे : सदोष चार्जरमधून डोक्यापर्यंत विजेला वाट मिळू शकते.