मंगळावरील ‘ब्लूबेरी’ गोळ्या

मंगळाच्या विषुववृत्तालगत मेरिडियानी प्लेनम नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. तेथील मातीवर पसरलेल्या आणि खडकांत रुतलेल्या, काही मिलिमीटर व्यासाच्या, लोहाने समृद्ध अशा गोळ्यांना ‘ब्लूबेरी’ म्हणतात. नासाच्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ या रोव्हरने २००४ मध्ये पाठवलेल्या छायाचित्रांत त्या प्रथम दिसल्या. दुसऱ्या ग्रहावरची एखादी विचित्र वस्तू नुसती पाहून ओळखता येत नाही, तिचा उलगडा पुरावा जोडत जोडत करावा लागतो. त्या पद्धतीचे इतके स्वच्छ उदाहरण ग्रहविज्ञानात क्वचितच सापडते.

हे मैदान निवडण्यामागे ठोस कारण होते. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ या कक्षायानावरील औष्णिक वर्णपटमापकाला येथे भरड स्फटिकांच्या करड्या हेमॅटाइटच्या खुणा आढळल्या होत्या. हेमॅटाइट हे लोहाचे ऑक्साइड. गोव्यातल्या आणि गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखनिजात तेच असते आणि गेरूचा लाल रंगही त्याचाच. स्फटिक भरड असतील तर मात्र ते लाल न दिसता करडे दिसते. पृथ्वीवर असे हेमॅटाइट बहुधा पाण्याच्या सहवासात तयार होते, म्हणून रोव्हरला तेथे पाठवण्यात आले. २५ जानेवारी २००४ रोजी हवेच्या पिशव्यांवर उसळ्या घेत हे यान ईगल या सुमारे २२ मीटर रुंदीच्या विवरात जाऊन थांबले. समोरच विवराच्या कडेला थरांचा मूळ खडक उघडा पडलेला होता. मंगळावरचा असा जागचा खडक तोपर्यंत कोणी जवळून पाहिला नव्हता.

सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्याने मातीची चित्रे पाठवली आणि त्यांत जवळजवळ एकसारख्या गोल गोळ्यांचा सडा दिसला. बहुतेकींचा व्यास ४ ते ६ मिमी किंवा त्याहून कमी होता. खडकातही त्या जागोजागी रुतलेल्या होत्या. काही अर्ध्या बाहेर आलेल्या, तर काही बारीक देठासारख्या खडकाच्या आधारावर टिकून राहिलेल्या. फळाचे नाव त्यांना पडले ते या दृश्यामुळे आणि कृत्रिम रंग भरलेल्या चित्रांतील निळसर छटेमुळे. ही निळाई खरी नव्हे. मुख्य कॅमेरा अवरक्ताजवळच्या तरंगलांबींतही चित्रे घेत असे आणि खनिजांतले फरक उठून दिसावेत म्हणून रंग ताणले जात. प्रत्यक्षात गोळ्या करड्या आहेत. रोव्हरची चित्रे पाहणाऱ्याने हा भेद पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवा.

गोल आकार अनेक मार्गांनी घडतो, आणि नेमकी तीच अडचण होती. ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात कण चिकटून गोळे बनतात. उल्कापाताने वितळलेल्या खडकाचे थेंब हवेतच गोठून काचेचे मणी होतात. उथळ पाण्यात लाटांनी लोळणाऱ्या कणांवर पापुद्रे चढून अंडाश्म तयार होतात. शिवाय खडकाच्या छिद्रांतून झिरपणाऱ्या पाण्यातले खनिज एखाद्या बिंदूभोवती साचत जाऊन गाठ धरते; तिला काँक्रीशन म्हणतात. आकाराकडे पाहून यांतले काहीच ठरत नव्हते. निर्णायक ठरली ती गोळ्यांची जागा. आकाशातून पडलेल्या गोळ्या ठरावीक थरांत दाट आणि इतरत्र विरळ असायला हव्यात. येथे त्या थरांची पर्वा न करता खडकभर सारख्या अंतराने विखुरलेल्या होत्या. काही ठिकाणी तर खडकाचे बारीक थर गोळीच्या आरपार गेल्याच्या खुणा होत्या. म्हणजे खडक आधी, गोळी नंतर. क्वचित दोन-तीन गोळ्या एकमेकींत वाढलेल्याही दिसल्या. हवेत गोठलेल्या थेंबांपेक्षा खडकाच्या आत होणाऱ्या वाढीशी हे अधिक जुळते.

गोळ्या कशाच्या आहेत, हा प्रश्न वेगळा होता. लोहयुक्त खनिजे ओळखणारे म्योसबावर उपकरण एका गोळीपेक्षा मोठ्या क्षेत्राची मोजणी करते, त्यामुळे सुटी गोळी मोजली तरी भोवतालचा खडक त्यात मिसळतो. शास्त्रज्ञांनी त्यासाठी गोळ्या साठलेला एक लहानसा खळगा शोधला आणि त्याला ‘बेरी बोल’ नाव दिले. खळग्यातल्या गोळ्यांची आणि शेजारच्या मोकळ्या खडकाची अशा दोन मोजण्या घेऊन त्यांची तुलना केली. गोळ्यांमध्ये हेमॅटाइटची खूण ठळक होती, मोकळ्या खडकात ती बरीच कमी. मार्च २००४ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला आणि कक्षेतून दिसलेल्या हेमॅटाइटचेही कोडे सुटले. मऊ, गंधकयुक्त खडक वाऱ्याने झिजतो, कठीण गोळ्या मागे उरतात आणि मैदानावर पसरतात.

त्या खडकात सल्फेट क्षार विपुल होते, त्यांत जॅरोसाइट हे लोहाचे सल्फेट खनिजही होते. या खनिजाच्या घडणीतच हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असते, म्हणून ते पाण्याशिवाय होत नाही. पाणीही आम्लधर्मी लागते. मंगळावर जॅरोसाइट असावे, असे खनिजशास्त्रज्ञ रॉजर बर्न्स यांनी १९८७ मध्येच सुचवले होते आणि या खडकांच्या समूहाला आता त्यांचे नाव दिले आहे. आपल्याकडे कच्छमध्ये माता नो मढ येथे, दख्खनच्या बेसाल्टावर साचलेल्या गाळात जॅरोसाइट सापडते. मंगळाशी साधर्म्य असलेले स्थळ म्हणून भारतीय संशोधकांनी त्याचा अभ्यास केला आहे.

काँक्रीशनचे स्पष्टीकरण आज बहुसंख्य अभ्यासकांना मान्य असले, तरी आक्षेप घेतले गेले. नॉथ, बर्ट आणि वोहलेट्झ यांनी २००५ मध्ये या गोळ्या उल्कापाताने उसळलेल्या लोटात घडल्या, अशी कल्पना मांडली. गोळ्या इतक्या नेटक्या गोल आणि आकाराने इतक्या मर्यादित कशा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. अमेरिकेतील युटा राज्यात नावाहो वालुकाश्मात मिळणाऱ्या लोहाच्या गाठी पृथ्वीवरचा नमुना म्हणून २००४ मध्ये पुढे आल्या. पण त्या मुख्यत्वे वाळूच्या असून लोह-ऑक्साइड हे त्यांतील जोडद्रव्य आहे, आकारातही त्या फार कमीजास्त असतात. साम्य घडण्याच्या रीतीत आहे, घटकांत नाही. लोकप्रिय लेखनात हा फरक अनेकदा पुसला जातो. जपानमधील हिदेकाझु योशिदा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये युटा व मंगोलियातील गाठींवरून असे सुचवले, की आधी कॅल्साइटच्या (चुनखडीतल्या खनिजाच्या) गाठी असतात आणि आम्लधर्मी, लोहयुक्त पाणी त्यांना भिडल्यावर लोह-ऑक्साइड साचते.

सप्टेंबर २०१२ मध्ये एंडेव्हर विवराच्या काठावरील कर्कवुड या खडकात ऑपॉर्च्युनिटीला पुन्हा दाट गोळ्या दिसल्या. व्यास साधारण ३ मिमी, रूप ओळखीचे. पण त्यांत लोहाचे प्रमाण ब्लूबेरींसारखे जास्त नव्हते, आणि झिजलेल्या गोळ्यांचे बाहेरचे कवच आतल्या भागापेक्षा कठीण होते. जुने उत्तर येथे लागू करता आले नाही. पुढे मार्च २०२५ मध्ये ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हरने जेझेरो विवराच्या काठावर सेंट पॉल्स बे नावाचा, शेकडो करड्या गोळ्यांनी भरलेला दगड टिपला. तो मूळ जागेवरून सुटून आलेला आहे. त्यामुळे मेरिडियानीत जो पुरावा निर्णायक ठरला, म्हणजे गोळ्यांचे थरांशी असलेले नाते, तो या दगडापुरता हाताशी नाही. त्याचा मूळ थर कोणता, हे शोधणे हाच येथे पहिला प्रश्न आहे.