खान्देशात एकटीने सायकल चालवणाऱ्या मुली-बायकांची सुरक्षा : पार्श्वभूमी

सायकल चालती असते तोवर एकट्या मुलीला त्रास देणं सोपं नसतं. त्रास गाठतो तो तिला थांबावं लागल्यावर. चेन उतरते, हवा जाते, दुभाजकाच्या फटीत गाड्या ओसरायची वाट पाहावी लागते, नाहीतर साइडपट्टीच्या काळ्या चिखलाने मडगार्ड भरून चाक फिरेनासं होतं. चर्चा मात्र वर्षानुवर्षं तिचे कपडे, तिची वेळ आणि तिच्यासोबत कोण होतं याभोवतीच फिरत राहिली. ती का थांबली, कुठे थांबली आणि थांबल्यावर कायद्याने तिला काय दिलं, हे क्रमाने पाहिलं तर आजच्या बऱ्याच वादांचा उगम लक्षात येतो.

जुना काळ थोडक्यात. खान्देशात सायकल दूधवाल्याची, पोस्टमनची आणि मास्तरांची म्हणून आली. पुढे लेडीज सायकल आली ती वरची दांडी नसलेली, मागच्या चाकाला जाळी आणि पूर्ण चेनकव्हर असलेली. साडी किंवा ओढणी अडकू नये म्हणून केलेल्या या रचनेचा सुरक्षेलाही मोठा उपयोग झाला. दांडी नसल्याने बाई पुढच्या पुढे उतरते आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवर येतात. दिव्याचं मात्र नडलं. 6 व्होल्टचा डायनॅमो टायरवर घासून चालतो. सायकल थांबली की दिवा विझतो आणि पावसात टायर ओला झाला की रोलर घसरतो. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच अंधार. आजच्या सेलवरच्या किंवा चार्जिंगच्या एलईडी दिव्यांनी केलेली खरी सुधारणा ही, की थांबल्यावरही उजेड राहतो.

1994 साली जळगावात लैंगिक शोषणाचं मोठं प्रकरण उघड झालं आणि घरोघर धसका बसला. अशा धसक्याचा भार मुलींच्या येण्याजाण्यावरच पडतो. क्लास बंद, सायकल बंद, भाऊ सोबत असेल तरच बाहेर. त्यामुळे पुढच्या पिढीत एकटीने सायकल चालवणं शहरात मागे पडलं आणि खेड्यात निरुपाय म्हणून टिकलं, असं म्हणायला जागा आहे.

चित्र पालटलं ते 2011 नंतर. मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार राज्यातल्या 125 तालुक्यांत झाला आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या. धुळे-नंदुरबारकडे आणि जळगावच्या निवडक तालुक्यांत सकाळी दहाच्या सुमाराला फाट्यावर दिसणाऱ्या मुलींच्या रांगा याच काळातल्या. कार्यक्रमाची निळी बस लांबच्या गावांसाठी आणि सायकल शाळेपासून 5 किलोमीटरपर्यंतच्या मुलींसाठी, अशी विभागणी होती. 5 किलोमीटर कागदावर थोडंच वाटतं, पण हिशोब मांडून पाहावा. ताशी 12 किलोमीटरने मुलगी 25 मिनिटांत घरी पोचते. शाळा पाचला सुटली तर पाच पंचवीस. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत जळगावकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे हाताशी जेमतेम वीस मिनिटं. निम्म्या वाटेत पंक्चर झालं तर उरलेले अडीच किलोमीटर सायकल ढकलत जायला पाऊण तास लागतो. पंक्चर नसलं तरी साडेपाचपर्यंत जादा तास ठेवला, की शेवटचा टप्पा अंधारातच. याच दिवसांत तूर डोक्याइतकी उंच झालेली असते, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचे बाग दोन्ही बाजूंनी भिंतीसारखे उभे असतात. हिवाळ्यात शाळा अर्धा तास आधी सोडणं हा बिनपैशाचा उपाय आहे. सायकली वाटल्या तेव्हाच वेळापत्रकाचा विचार व्हायला हवा होता.

पुढे वस्तूऐवजी खात्यात पैसे देण्याची पद्धत आली आणि 2022 मध्ये रक्कम 5 हजार रुपये झाली. निकृष्ट सायकलींच्या तक्रारींवर हा इलाज ठीक होता. पण त्या रकमेत सायकल बसते, सायकलीसोबत लागणारं सामान बसत नाही. पंप, दिवा, उजव्या हँडलचा आरसा आणि पंक्चरचं सामान कुटुंबाच्या खिशातून येतं, म्हणजे बहुतेकदा येत नाही.

त्यातली सर्वांत छोटी वस्तू वालट्यूब. आपल्याकडच्या साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये पितळी पिनेवर रबराची बारीक नळी चढवलेली असते. हवा आत जाते, बाहेर येत नाही, ते त्या नळीमुळे. खान्देशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली सायकल उभी राहिली की हे रबर कडक होतं, चिरतं आणि पंक्चर नसतानाही हवा बसते. ओळखायची रीत सोपी आहे. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट ठेवायचं. बुडबुडा आला तर दोष वालट्यूबचा. पिन काढून जुनी नळी सोलून टाकायची, दोन-अडीच सेंटिमीटरचा नवा तुकडा पाण्याने ओला करून पिनेवरचं बारीक भोक पूर्ण झाकेल असा चढवायचा आणि वरची चकती हाताने घट्ट आवळायची. दोन मिनिटांचं काम आहे. बाभळीच्या काट्याचं पंक्चर असेल तर ट्यूब बदलण्याआधी टायर आतून कापडाने पुसून पाहायचा. मोडलेलं टोक आत राहिलं तर किलोमीटरभरात पुन्हा हवा जाते. आणि हात टायरमध्ये तसाच फिरवायचा नाही, काटा बोटात शिरतो.

वालट्यूबला दुसरी बाजूही आहे. शाळा-कॉलेजच्या स्टँडवर मुद्दाम हवा सोडणं, पिन काढून नेणं, सीट फिरवून ठेवणं हे प्रकार खोडी म्हणून सोडून दिले जातात. त्याचा परिणाम मात्र असा, की मैत्रिणींचा घोळका पुढे निघून जातो आणि एक मुलगी मागे राहते. एकाच मुलीच्या सायकलीची हवा आठवड्यात दोनदा गेली तर ती खोडी समजू नये. तारखा लिहून मुख्याध्यापकांकडे द्याव्यात. कायद्याच्या भाषेत ही बहुतेकदा आगळीक, म्हणजे नुकसान केल्याचा किरकोळ गुन्हा ठरते, तोही अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत असा. म्हणून इथे शाळेनेच पाऊल उचलणं गरजेचं असतं.

रस्त्यांचा इतिहास याच वर्षांतला. सुरत-नागपूर महामार्ग, जुना 6 आणि आताचा 53 क्रमांकाचा, फागणे ते तरसोद आणि पुढे चिखलीपर्यंत चौपदरी होत गेला. वेग वाढला, दुभाजक आले आणि गावाची ओलांडायची जागा पुढे सरकली. समोर दिसणाऱ्या शाळेसाठी लांबचा वळसा कोण घेईल? मुली उलट्या दिशेने कडेकडेने जातात. इथे वाहतुकीची सुरक्षा आणि बाईची सुरक्षा एकमेकींवर येतात, आणि ते उघडपणे मान्य केलं पाहिजे. ताशी 60 च्या मोटारसायकलला 12 च्या वेगाची सायकल सरळ दिशेत 48 च्या फरकाने गाठावी लागते. उलट दिशेत तोच फरक 72 होतो. पण उलट दिशेने जाणाऱ्या बाईला समोरून कोण येतंय ते दिसतं आणि तिच्या मागे हळूहळू गाडी चालवता येत नाही. म्हणून ती ती बाजू निवडते, ते अडाणीपणाने नव्हे. तिला डावीकडून चालवायला सांगायचं असेल तर आधी उजव्या हँडलला आरसा द्यावा. आरशात मोटारसायकल दिसते आहे आणि ती पुढे निघून न जाता सायकलीच्याच वेगाने मागे राहते आहे, ही कोणी मागावर असल्याची खूण आहे. अशा वेळी शिवाररस्त्याला वळायचं नाही, उतरायचंही नाही. सायकल दोन-अडीच मीटरच्या रुंदीत मागे फिरते, मोटारसायकलला वेळ लागतो. मागची वाहनं पाहून सरळ मागे फिरावं आणि शेवटची टपरी किंवा मळ्यातलं घर जिथे दिसलं होतं तिथे जावं. थांबावंच लागलं तर सायकल आपल्या आणि त्याच्या मधे आडवी धरावी आणि 112 हा आपत्कालीन नंबर लावावा. सातपुड्याच्या पायथ्याला सगळीकडे रेंज नसते, म्हणून रेंज असलेली ठिकाणं आधीच माहीत हवीत.

आता शब्दांचा गुंता. यावर जास्त लिहावं लागतं, कारण तक्रारी इथेच विरतात. वर्तमानपत्रं ‘छेडछाड’ आणि ‘रोडरोमिओ’ लिहितात. पहिला शब्द गुन्ह्याला खेळ ठरवतो, दुसरा त्या माणसाला प्रेमवीर. दोन्ही ना जुन्या दंडसंहितेत होते, ना नव्यात आहेत. तिथे होता ‘विनयभंग’, 1860 पासून, कलम 354. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. शेजारून जाताना पाठीवर मारलेली थाप, ओढलेली ओढणी त्यात बसते. शब्द आणि हावभाव 509 मध्ये. पण नुसतं मागे मागे येणं? ते 2013 पर्यंत स्वतंत्र गुन्हाच नव्हतं. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेतली जायची आणि मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जायची. ‘विनयभंग’ या शब्दानेही नुकसान केलं. भंग तिच्या विनयाचा, म्हणजे डाग तिच्यावर, असा अर्थ गावात घेतला जातो आणि आईवडील ‘नाव खराब होईल’ म्हणून परत फिरतात. गुन्हा ज्याने केला त्याच्या कृतीचं नाव या शब्दात कुठेच येत नाही.

3 फेब्रुवारी 2013 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने 354-ड आलं, पाठलाग. शब्द नेमका आहे, व्याख्या मात्र सायकलवालीला पुरती बसत नाही. स्त्रीने स्पष्ट नाराजी दाखवूनही पुरुष वारंवार मागे येतो आणि संपर्क साधतो किंवा साधायचा प्रयत्न करतो, तेव्हा तो पाठलाग. ‘वारंवार’ आणि ‘स्पष्ट नाराजी’ या दोन अटींवर वाद होतात. सायकलवर मान खाली घालून वेग वाढवणं ही नाराजीच आहे, पण कागदावर ती दाखवावी लागते. ‘माझ्या मागे येऊ नको’ हे मोठ्याने एकदा म्हटलेलं आणि तक्रारीत शब्दशः लिहिलेलं वाक्य त्यामुळे फार मोलाचं. एकदाच घडलेला प्रसंग पाठलागात बसत नसला तरी बाकीची कलमं असतात. वाट अडवली तर गैरपणे अडवण्याचं, कट मारला तर बेदरकार वाहन चालवण्याचं, अश्लील बोलला तर लैंगिक छळाचं. ‘गाडीवाला त्रास देतो’ एवढंच लिहिलं तर यातलं एकही लावता येत नाही. कुठल्या किलोमीटरच्या दगडापाशी, किती वाजता, गाडीचा नंबर निदान शेवटचे चार आकडे, काय बोलला, काय केलं, आधी कोणत्या तारखांना आला होता, हे लिहावं लागतं.

अठराच्या आतल्या मुलीसाठी 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेला पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा जास्त उपयोगी आहे. लैंगिक हेतूने बालकाचा वारंवार किंवा सतत पाठलाग करणं किंवा पाळत ठेवणं त्याच्या कलम 11 मध्ये येतं, आणि तिथे मुलीने नाराजी दाखवली होती का हा प्रश्नच नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी घेता येतो आणि जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. ठाण्याच्या पायरीच्या भीतीने थांबलेल्या पालकांना ही तरतूद माहीत नसते. शाळकरी मुलींच्या बाबतीत तक्रार आधी या कलमापासून तपासायला हवी.

1 जुलै 2024 ला जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. विनयभंग 74, लैंगिक छळ 75, पाठलाग 78, शब्द-हावभाव 79. व्याख्या जवळपास तशाच राहिल्या, ‘वारंवार’ची अटही. या कलमांखालची स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आणि एफआयआरची प्रत मोफत द्यायची. हद्दीचा वाद असला तरी गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. ज्या रस्त्याचा एक फर्लांग धुळ्यात आणि पुढचा जळगावात पडतो तिथे हे फार महत्त्वाचं. 1 जुलै 2024 च्या आधीच्या प्रसंगाला जुनीच कलमं लागतात, म्हणून जुन्या-नव्या तारखा एकाच तक्रारीत असतील तर प्रत्येक प्रसंग तारखेसह वेगळ्या परिच्छेदात लिहावा.