चावीचा सेल बदलला की कोडिंग उडतं?

गाडीच्या रिमोट चावीचा सेल काढला की कोडिंग, म्हणजे चावीची गाडीशी असलेली जुळणी, उडतं, मग चावी परत प्रोग्राम करून घ्यावी लागते, हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, पण तसं नसतं. कोड ज्या मेमरीत असतो ती सेल काढला तरी पुसली जात नाही, आणि इमोबिलायझरच्या, म्हणजे चुकीच्या चावीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चावीतल्या चिपला तर सेल लागतच नाही, तिला गाडीतल्या कॉइलमधूनच (तारेच्या वेटोळ्यातून) पॉवर मिळते. काही जुन्या मॉडेलमध्ये रिमोटची बटणं गाडीशी परत जुळवावी लागतात, ती पद्धत मॅन्युअलमध्ये असते. बिनधास्त घरी बदला, फक्त जुन्या सेलवरचा नंबर बघा, सीआर२०३२ म्हणजे २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड, आणि प्लसची बाजू कुठे होती ते काढायच्या आधीच बघून ठेवा. जुना सेल मात्र लहान मुलांच्या हाती अजिबात लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.